भात गेला, मागोमाग वरणही गेलं: मधुमेह, कमी कार्बचं जेवण आणि उतारवयातली कंबरदुखी

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरात मधुमेहाचं पथ्य सुरू झालं की पहिली कुऱ्हाड सकाळच्या पोह्यांवर पडते. मग भात बंद होतो, चार पोळ्यांची एक होते. दीड-दोन महिन्यांत उपाशीपोटीची साखर खाली येते, वजन चार किलो उतरतं, घरात समाधान असतं. आणि नेमक्या त्याच सुमारास सत्तरीच्या आजी पलंगावरून उठताना कंबर धरायला लागतात. कुणी म्हणतं पथ्यानं अशक्तपणा आला, कुणी म्हणतं वयच झालं. दोन्ही उत्तरं इतकी हाताशी असतात की खरं कारण शोधायचं राहून जातं.

कमी कार्बच्या, म्हणजे कमी पिष्ट-साखरेच्या, जेवणानं कंबर दुखते असा सरळ हिशोब नाही. पोटावरची चरबी उतरली की कमरेवरचा भार हलका होतो आणि अनेकांची जुनी कंबरदुखी कमीच होते. साखरेलाही फायदा होतो. पहिल्या सहा महिन्यांत तो ठळक दिसतो, वर्षभरानंतर इतर पथ्यांच्या तुलनेत फरक कमी उरतो. दुखणं येतं ते तीन वाटांनी. कार्बबरोबर ताटातून आणखी काहीतरी निघून जातं. औषधं मात्र जुन्या जेवणाच्या मापानेच चालू राहतात. आणि तिसरी वाट सर्वांत धोक्याची: उतरलेलं वजन पथ्याच्या नावावर जमा होतं आणि त्याआड एखादा वेगळा आजार लपून राहतो.

ताटातून काय गेलं

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्ब असलेल्या जेवणाला लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर आणलं की ते किटो. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कार्ब असतात, लहान वाटीभर म्हणजे १०० ग्रॅम भातात २८ च्या आसपास, आणि ६० ग्रॅम कोरडे पोहे भिजवून केलेल्या प्लेटीत ४५. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोह्यांबरोबर जिलबीही घेतली तर दिवसाचा निम्मा कोटा सकाळी नऊलाच संपतो. उपासाचा साबुदाणा त्याहून भारी: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कार्ब आणि प्रथिनं जवळपास शून्य. तेव्हा पोहे आणि साबुदाणा कमी करण्यात चूक काहीच नाही.

चूक पुढे होते. मराठी माणूस वरण नुसतं पीत नाही, ते भातावर घेतो. भात गेला की वरणाला जागाच उरत नाही. पोळ्या कमी झाल्या की उसळही अर्ध्यावर येते, कारण ती पोळीशी खायची असते. तीन पोळ्या, दोन वाट्या भात आणि दोन वाट्या घट्ट वरण कमी झालं तर ताटातून गेलेली प्रथिनं मोजा: पोळ्यांची १०, भाताची ५, वरणाची १२. म्हणजे रोज सुमारे २७ ग्रॅम. त्यांच्या जागी काय आलं? गिलकीची भाजी, काकडी, टोमॅटो, बिनसाखरेचा चहा आणि ‘बेसनाची आहे, चालते’ म्हणून मूठभर सेव. त्या मुठीत तेल आणि मीठच जास्त.

साठीनंतर माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलो वजनाला ६० ते ७२ ग्रॅम. आधीच ५० वर असलेल्या आजी २७ गेल्यावर कुठे येतात ते उघड आहे. शरीर मग लागणारा माल स्वतःच्या स्नायूंतून काढतं. वजन उतरताना त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसारख्या ऐवजाचा असतो. प्रथिनं आणि व्यायाम दोन्ही कमी असले तर हा हिस्सा वाढतो. पाठीच्या कण्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे उभे स्नायू आणि मांडीचे मोठे स्नायू रोडावले की उठताना, वाकताना, वळताना सगळा ताण मणक्यांच्या सांध्यांवर आणि त्यांच्यामधल्या चकत्यांवर येतो. हे दुखणं संध्याकाळी जास्त असतं, फार वेळ उभं राहिल्यावर वाढतं, आडवं झाल्यावर शमतं, आणि बोटानं नेमकी जागा दाखवता येत नाही. माणूस पंजा पसरून ‘इथे सगळीकडे’ म्हणतो.

स्नायूंची ताकद घरीच तपासता येते. हात नसलेली, गुडघ्याइतक्या उंचीची पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून, कशाचाही आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. शेजारी कुणीतरी उभं असावं. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा हात लावल्याशिवाय उठताच आलं नाही, तर स्नायू कमी पडत आहेत असं समजा. पथ्य सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर महिन्याला हा आकडा लिहून ठेवावा. वजनकाटा जे सांगत नाही ते ही खुर्ची सांगते. उतारवयात पथ्य बरोबर चाललंय की नाही हे ठरवताना आम्ही वजनाच्या आधी हा आकडा पाहू.

शाकाहारी माणसाला १३० ग्रॅमच्या आत राहून प्रथिनं पुरवता येतात. सकाळी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटलेली दोन धिरडी, सोबत ५० ग्रॅम पनीर: २१ ग्रॅम प्रथिनं. दुपारी एक पोळी, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आलेली उसळ, भाजी आणि १५० ग्रॅम दही: १९ ग्रॅम. चारच्या सुमारास ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे: ७. रात्री ७५ ग्रॅम पनीर घातलेली पालक किंवा मेथी आणि झोपताना लहान पेलाभर बिनसाखरेचं दूध: १९. बेरीज ६६ च्या घरात, आणि कार्ब ११० च्या आसपास. अंडी चालत असतील तर एका अंड्याचे ६ ग्रॅम धरा. प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून घ्यावीत. म्हाताऱ्या स्नायूला एका वेळी २० ग्रॅमच्या आसपास मिळाली तरच तो ती नीट वापरतो, एकदम रात्रीच खाल्ली तर तेवढा उपयोग होत नाही. वरण भाताशिवाय घशाखाली उतरत नसेल तर जास्त पाणी घालून, कढीपत्ता-जिऱ्याची फोडणी देऊन वाटीतून सारासारखं प्यावं. डाळीचं माप मात्र तेच ठेवावं.

इथे एक मोठा अपवाद आहे. मूत्रपिंड कमजोर असेल, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) ६० च्या खाली असेल किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल, तर प्रथिनं स्वतःच्या मनानं वाढवायची नाहीत. अशांना सहसा किलोमागे ०.८ ग्रॅमपर्यंतच ठेवायला सांगतात. मधुमेह दहा वर्षांहून जुना असेल तर या दोन तपासण्या झाल्याशिवाय पथ्य सुरूच करू नये.

पहिला पंधरवडा

पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरतं तेव्हा त्यात मुख्यतः पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सुमारे ५०० ग्रॅम असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. शिवाय इन्शुलिन कमी झालं की मूत्रपिंड मीठ बाहेर टाकायला लागतं. परिणाम म्हणजे पोटऱ्यांत गोळे, पाठीत ओढ, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. तहान लागायची वाट न पाहता पाणी, पातळ ताक, भाज्यांचं सार घेत राहिलं की हे बहुधा दोन आठवड्यांत निवळतं. मात्र रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. आणि बाजारात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ तर मुळीच घेऊ नये, त्यात पोटॅशियम असतं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

रक्तदाब बसून एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त खाली येत असेल तर गोळ्यांचा डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. पहाटे चक्कर येऊन न्हाणीघरात पडणं हे या वयात मणका मोडण्याचं ठरलेलं कारण आहे.

बद्धकोष्ठाचंही इथेच सांगायला हवं. पोळी आणि डाळी कमी झाल्यावर चोथा कमी होतो, माणूस जोर करतो, आणि जोर केला की चकतीवरचा दाब वाढून दुखरी कंबर आणखी दुखते. रोज २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात गेला पाहिजे: पालेभाज्या, मोडाच्या उसळी, जवस, आणि भरपूर पाण्याबरोबर इसबगोल.

हाड: चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका

टाइप २ मधुमेहात एक फसवी गोष्ट असते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा आकडा चांगला येतो, कधीकधी वयाच्या मानाने फारच चांगला, आणि तरीही हाड मोडण्याचा धोका जास्त असतो. वर्षानुवर्षं रक्तात वाढलेली साखर हाडातल्या कोलॅजेनच्या तंतूंना चिकटते, ते ताठर होतात, आणि हाड भरीव दिसूनही ठिसूळ होतं. त्यात वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर खुब्याच्या हाडाची घनता साधारण एक-दोन टक्क्यांनी घटते. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्या बायकांमध्ये हाड मोडण्याचा धोका आणखी वाढतो. गोळीत ते आहे का हे पाहून घ्यावं.

मणका मोडायला मोठा अपघात लागत नाही. इंदूरच्या ज्या वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे पाण्याच्या दिवशी भरलेली बादली वाकून उचलणं पुरतं. जोराची शिंक पुरते, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून खड्ड्यातून जाणं पुरतं. ‘उसण भरली’ म्हणून मलम चोळलं जातं. मणक्याच्या अशा तीनपैकी सुमारे दोन मोडी कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ओळखायचं कसं? दुखणं अचानक सुरू होतं, पाठीच्या मधोमध, बहुधा बरगड्या संपतात त्या पातळीला. उभं राहिल्यावर आणि कूस बदलताना कळ येते, आडवं झाल्यावर हायसं वाटतं. एका मणक्यावर हलक्या मुठीनं ठोकलं तर तोच दुखतो.

जुनी मोड शोधायलाही घरगुती माप आहे. टाचा भिंतीला लावून, समोर पाहत सरळ उभं राहायला सांगा. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल तर वरच्या मणक्यांकडे पाहायला हवं. उंचीही मोजा. तरुणपणची उंची जुन्या पासपोर्टवर किंवा सरकारी नोकरी केलेल्यांच्या सर्व्हिस बुकात लिहिलेली सापडते. तिच्यापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त फरक पडला असेल तर डॉक्टरांना सांगून पाठीचा बाजूनं घेतलेला एक्स-रे करून घ्यावा. खर्च थोडा आणि उलगडा मोठा.

कॅल्शियम रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० मिली दुधात सुमारे १२० असतं, पनीर आणि दह्यातही चांगलं मिळतं. वरच्या जेवणात याची बरीच भर पडते. ड जीवनसत्त्वाबद्दल मात्र गैरसमज आहे. नेहरू पार्क किंवा मेघदूत उपवनात पहाटे सहाला केलेल्या फेऱ्या हृदयाला उत्तम, पण त्या वेळच्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळपास नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ उपयोगाची. हिवाळ्यात ती साधता येते, मे महिन्यात साधायचा प्रयत्न करू नये. रक्तातली पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे देतात. कोर्स संपल्यावरही कुणी सांगितलं म्हणून तीच पुडी वर्षभर घेत राहिलं तर कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

नस दुखते तेव्हा

काही कंबरदुखी मुळात कमरेची नसते, नसांची असते. साखर फार झपाट्यानं उतरवली, म्हणजे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त खाली आलं, तर काही जणांच्या नसा अचानक पेटल्यासारख्या होतात: पायांत, पाठीत आग, चादरीचा स्पर्शही नकोसा. साखर सुधारली आणि दुखणं वाढलं, हे घरच्यांना कोड्यात टाकतं. जुना मधुमेह असलेल्याची साखर हळूहळू खाली आणावी, आणि आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण अशा झपाट्यात पडद्याची स्थितीही बिघडू शकते. तसंही तब्येतीनं धडधाकट ज्येष्ठांसाठी एचबीएवनसी ७ ते ७.५ आणि अनेक आजार असलेल्यांसाठी ८ च्या आत हे उद्दिष्ट पुरेसं आहे. ६ च्या खालच्या आकड्यासाठी सत्तरीत अट्टहास करू नये.

दुसरा प्रकार मांडीचा. एका बाजूच्या कमरेतून, कुल्ल्यातून मांडीच्या पुढच्या भागात असह्य कळा, रात्री जास्त. मग काही आठवड्यांत मांडी बारीक होते, जिना चढताना गुडघा दगा देतो, वजन उतरतं. साखर ताब्यात असलेल्यांनाही हे होतं. चकती सरकली समजून शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं तर ओळखू येतं आणि महिन्यांनी का होईना, बहुतेकांचं बरंच भरून निघतं. तिसऱ्या प्रकारात पाठीपासून पोटापर्यंत एका बाजूनं पट्ट्यासारखी जळजळ होते. तिथे दोन-चार दिवसांत पुरळ उठलं तर ती नागीण. त्यावरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं चांगलं.

चालताना दोन्ही पाय जड होणं आणि भाजीच्या हातगाडीवर वाकून टेकलं की बरं वाटणं, ही मणक्याचा मार्ग अरुंद झाल्याची खूण. तिचा पथ्याशी संबंध नाही.

वजन पथ्यानंच उतरलं का?

हा प्रश्न प्रत्येक घरानं स्वतःला विचारावा अशी आमची कळकळीची विनंती आहे. पथ्यानं उतरणारं वजन दोन-तीन महिन्यांत संथ होतं. चांगलं जेवूनही ते उतरतच राहिलं आणि पाठ दुखते, तर पथ्याचं कौतुक थांबवून तपासणीला जावं.

मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो, आणि क्षय मणक्यातही होतो. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, रात्री झोपल्यावरही न थांबणारी पाठदुखी. इतर जंतूंचा संसर्गही मणक्यात बसतो. पायाची चिघळलेली जखम किंवा लघवीचा संसर्ग झाल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी म्हणूनच गांभीर्यानं घ्यावी. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे वाढलेले असतील तर एमआरआय टाळू नये.

साठीनंतर नव्यानं मधुमेह निघाला, कारण नसताना वजन उतरलं आणि पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारं, उताणं झोपल्यावर वाढणारं आणि पुढे वाकल्यावर कमी होणारं दुखणं असलं, तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. बहुतेकांना तो नसतो. पण ज्यांना असतो त्यांचे पहिले काही महिने ‘पथ्य लागू पडलं’ या आनंदात निघून जाऊ शकतात.

बरगडीखालून जांघेकडे लाटेसारखी येणारी कळ, ज्यात माणूस एका जागी बसू शकत नाही, ती मूतखड्याची. स्नायूचं दुखणं असलं तर माणूस हलत नाही, खडा असला तर स्वस्थ राहत नाही. किटोत खड्याचा धोका वाढतो, पाणी कमी प्यायल्यास अधिकच.

लघवी अडणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद अचानक जाणं, तापासह पाठदुखी, छातीतून पाठीत जाणारी कळ आणि घाम: यांत सकाळची वाट पाहायची नाही. एमवायचं सरकारी रुग्णालय असो की जवळचं खासगी रुग्णालय, त्याच रात्री गाठायचं.

गोळ्यांचा हिशोब

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन चालू असताना कार्ब निम्मे केले तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ. म्हाताऱ्या माणसात नुसतीच सुस्ती किंवा पडणं. त्या वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. डोस कमी करणं हे पथ्याच्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांबरोबर ठरवायचं काम आहे. एकादशी-चतुर्थीचा उपास असेल तर त्या दिवशीच्या गोळीचंही आधीच विचारून ठेवावं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा मोठा फायदा आहे. पण फार कमी कार्बबरोबर त्या घेतल्या तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लमय होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ साली याबद्दल इशारा दिला. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप; ग्लुकोमीटर १८० दाखवतं आणि सगळे निर्धास्त राहतात. या गोळ्या चालू असताना किटो करू नये. उलट्या होत असतील किंवा जेवण जात नसेल तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावं आणि रक्तातले कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, तपासून घ्यावेत.

दुखण्याच्या गोळ्यांनी होणारं नुकसान आम्हाला जास्त सलतं, कारण ते टाळता येण्यासारखं असतं. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या, रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी, अशी तीन एकत्र आली आणि पथ्यामुळे अंगात पाणी कमी असलं, की मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. आधी पॅरासिटॅमॉल ५०० घ्यावी, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर साखर काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे वाढलेली राहते. ते माहीत असलं की घाबरून इन्शुलिन वाढवलं जात नाही. ‘जडीबुटी’च्या नावानं मिळणाऱ्या पुड्यांनी दोन दिवसांत दुखणं पळालं आणि साखर तीनशेवर गेली तर त्यात स्टेरॉइड मिसळलं आहे असंच धरून चालावं.

शेक देताना मधुमेहात नसा बधिर असू शकतात हे विसरू नका. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून, आधी घरातल्या दुसऱ्या कुणी आपल्या हाताला लावून पाहून, १५ मिनिटंच. झोपताना अंगाखाली ठेवायची नाही. भाजल्याचं सकाळी दिसतं आणि जखम महिनोन्महिने भरत नाही.

उठणं, वाकणं, हालचाल

साध्या कंबरदुखीत एक-दोन दिवसांहून जास्त झोपून राहू नये. रोज झोपून काढलेला वेळ स्नायूंतूनच वजा होतो. पलंगावरून उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वाकवा, खांदे आणि कुल्ले एकाच वेळी वळवून कुशीवर व्हा, पाय कडेखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर-तळव्यानं गादी दाबत वर या. कंबर पिळली जात नाही, कळ निम्म्यावर येते.

व्यायाम म्हणून तीच खुर्ची: आठ वेळा उठबस, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. ओट्याला धरून टाचा उचलणं दहा वेळा. भिंतीवर तळवे टेकून दंड दहा वेळा. उताणं झोपून, गुडघे वाकवून कुल्ले उचलणं आठ वेळा, श्वास न रोखता. एक दिवसाआड. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिनवर असाल तर आधी साखर पाहा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच. आणि हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकायची आसनं बंद: पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, पोटाच्या बैठका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, मणक्यांची हाडं ठिसूळ झालेल्या बायकांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींना मणक्याची नवी इजा झाली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. योगवर्गात सगळ्यांबरोबर ओणवं होण्याआधी शिक्षकांना हे सांगायला संकोच करू नये.

डॉक्टरांकडे जाताना चार आकडे लिहून न्या: पथ्य सुरू केल्याची तारीख, दर महिन्याचं वजन, खुर्चीचे सेकंद, उंची. तपासण्यांत क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, ड जीवनसत्त्व, ईएसआर, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ मागा. गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका, गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा. मधुमेहाच्या एका गोळीत बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकत्र असतात आणि ठसठशीत नावाखालच्या बारीक अक्षरांतच ग्लिमेपिराइड किंवा पायोग्लिटाझोन लिहिलेलं असतं.